कुटुंबप्रमुखाचा रकाना

घराण्याचा माग जनगणनेच्या कागदांतून काढायचं ठरवलं आणि मी तालुक्याला अर्ज केला. उत्तर आलं: घरोघरची माहिती गोपनीय असते. आमच्याच घराची माहिती आमच्यापासून गोपनीय! 'माणसं मोजता की कागद?' असं विचारत मी चार पानी पत्रक काढलं. कुणी वाचलं नाही.

हाती लागली एकच पोच. मोजणीला आलेल्या मास्तरांनी आईला दिलेली, तिने कतारला, दोह्यापर्यंत जपून आणलेली. कुटुंबप्रमुख: आई. खाली मी. बाबा नाहीतच.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता. बाबा स्टेडियमच्या कामावर फोरमन झाले, फॅमिली व्हिसा मिळाला, आई आली. मी महिनाभर व्हिजिट व्हिसावर.

"हिने मला यादीतून आधी उडवलं, सरकारने नंतर," बाबा पोच बघून म्हणाले.

"घरात नव्हतेच हे. मास्तरांना काय फोटो दाखवायचा होता?" आई म्हणाली.

"पण बाबा, तेव्हा तुम्हाला इकडे मोजलं असेल ना?"

"मेसईदच्या लेबर कॅम्पात. दारातून पलंग मोजले, यल्ला, चला पुढे, खलास. नाव कोण विचारतंय?"

मी उसळलेच. माणसाऐवजी पलंग मोजतात म्हणजे काय?

"झालं हिचं भाषण सुरू," बाबा हसले. मग पोचेची घडी घालत हळूच म्हणाले, "एका तरी कागदावर आपण तिघं एकत्र असावं, एवढंच."

त्याच आठवड्यात इथली जनगणना दारात आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. टॅबलेटवाल्याने हिंदीत विचारलं, घरात मोठं कोण? मी तोंड उघडणार, तोच आईने डोळे वटारले. पत्रक घशातच राहिलं. बाबांचं नाव गेलं, आईचं गेलं. माझा व्हिसा बघून तो म्हणाला, "ये तो मेहमान है. फॅमिली में नहीं आएगी."

"नहीं आएगी मतलब?" बाबा ताडकन उठले. "आदमी गिनते हो कि कागज? सामने बैठी है, दिखती नहीं?"

माझंच पत्रक, तेही माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात! म्हणजे एकाने तरी वाचलं होतं.

तो बिचारा "सॉरी, अंकल" म्हणत शेजारच्या दाराकडे सटकला. बाबांनी आईची पोच काढली, उलटी केली आणि पाठीमागे पेनाने तीन नावं लिहिली. आईचं, माझं, स्वतःचं.

"आणि प्रमुख?" मी विचारलं.

"तो रकाना मोकळा ठेवलाय. तुम्ही दोघी भांडून घ्या."