रक्तप्याच्या खोक्यातली हाक

हौसाबाईला सगळ्यात आधी राग आला तो त्या दातांचा. बाजारात पाच रुपयांना मिळणारे पांढरे प्लॅस्टिकचे दात, दोन सुळे बाहेर आलेले. सुकापूरच्या एका मांडवात तिने धवला सुरू केला आणि समोर बसलेल्या पोरांनी खिशातून ते दात काढून तोंडात बसवले. हात वर करून, बोटं वाकडी करून पोरं "हूऽऽ" करायला लागली. मांडव हसला. पोरं हसली याचं तिला काही वाटलं नाही. पण त्यांच्या आया हसल्या, आणि नवरीची आत्या जवळ येऊन म्हणाली, "बाय, दुसरा कायतरी बोल ना. त्या व्हॅम्पायरचा गाना आमच्या मांडवान नको."

"कोनाचा गाना?"

"तो रक्तप्याचा गो. शीडीतला."

हौसा धवलारीण होती, लग्नात धवले गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो मागाहून. त्याच्या आधी मांडव जागा करते ती धवलारीण. उंबराची डहाळी मांडवात आली की ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. या हो या, तुमच्या घरी लगीन हाय, तुमच्याबिगर हळद फुटत नाय. ही हाक गेल्याशिवाय नवरदेवाच्या अंगाला हळद लागत नाही. हौसाला हे तिच्या सासूने शिकवलं. सासू म्हणायची, "नाव पोटातून घे. मेल्या मानसाला कमी ऐकू येतं."

त्या दिवशी ती मांडवातून धवला अर्धा टाकून उठली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी सुनेने, निशाने, घाबरत घाबरत सांगितलं, तिचा धवला एका भुताच्या सिनेमाच्या सीडीत घातलाय. तो सिनेमा गावात सगळ्यांनी पाहिला होता, तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हौसा तडक पनवेलला एस.टी. स्टँडसमोर सीड्यांच्या गाडीवर जाऊन उभी राहिली. छोट्या टीव्हीवर तेच चालू होतं. 'रक्तप्या आला गावान.' न्हावाशेव्याच्या बंदरात एक कंटेनर उतरतो, त्यात लाकडी खोका. खोक्याचं झाकण हळूहळू उघडतं. आतून पावडर फासलेला एक पोरगा उठतो. अंगात काळा रेनकोट, कॉलर पुठ्ठा घालून उभी केलेली, ओठांच्या कडेला कुंकवाचं पाणी. आणि तो उठत असताना मागे घुमत होता हौसाचा आवाज. या हो या.

आवाज विहिरीतून आल्यासारखा केला होता, शब्द धूसर झाले होते. पण आपण कुठल्या मांडवात काय गायलो हे धवलारणीला सांगावं लागत नाही. झाकण पुरतं उघडलं, सुळे चमकले, आणि त्याच क्षणी तिच्याच आवाजात नाव आलं. भगवान.

भगवान म्हणजे गावातल्या मालूचा नवरा. कळंबोलीच्या वळणावर ट्रकखाली गेला. हौसाला अक्का म्हणायचा, कुठल्याही मांडवात पहिला येऊन समोर बसायचा. तो गेल्यावर वर्षभरात त्याच्या मुलीचं, दिपिकाचं, लग्न झालं. त्या मांडवात हौसाने त्याचं नाव घेतलं तेव्हा मालू खांबाला धरून रडली होती. त्या लग्नाचं शूटिंग करत होता दिपिकाचाच भाऊ, निकेश. सिनेमाही निकेशचाच होता.

निकेशचा स्टुडिओ नवीन पनवेलला होता. आत तीन कॉम्प्युटर, एसी, भिंतीवर त्या काळ्या कॉलरवाल्याचं मोठं पोस्टर.

"या मावशी, या! तुमचा आवाज काय फेमस झालाय! उरणपर्यंत सीडी संपली."

"मना न विचारता घेतलास."

"अहो, आपल्याच घरचं रेकॉर्डिंग. पुढच्या भागात तुमचं नाव टाकतो ना, मोठ्या अक्षरात."

"भुतंच पायजे होती तर आपली काय कमी हायत? खाडीत गिऱ्हा हाय, वडावर मुंजा हाय."

निकेश हसला. "गिऱ्हा कोण बघणार, मावशी? पोरांना हाच पाहिजे. कोट, सुळे, लसूण, आरशात न दिसणारा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी पुस्तकात लिहिला, तेव्हापासून जगभर चालतोय. सिनेमे झाले, सिरीयली झाल्या, वाढदिवसाच्या केकवर पण असतो. काय पण करा, मरतच नाय तो!"

"तो मरत नाय," हौसा म्हणाली, "म्हनून आमची मेलेली मानसं त्याच्या दारात नेऊन उभी केलीस?"

निकेशला कळलं नाही. त्या घुमणाऱ्या हाकेत बापाचं नाव आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "तुम्ही ना, लय सेंटी होता." हौसा उठली. ते नाव तिने त्याला सांगितलं नाही. सांगून मोकळं व्हावं एवढा तिचा राग स्वस्त नव्हता.

पुढे लग्नसराई आली आणि तिला बोलावणीच आली नाहीत. लोक म्हणायचे, बाय, डीजे ठेवलाय. कुणी म्हणायचे, पोरं घाबरतात. पोरं कसली घाबरतात! तिला बघितलं की रस्त्यात सुळे दाखवायची, एकाने तर रक्तप्या पळावा म्हणून तिच्या दारात लसणाची माळ टांगली. कुठल्या परक्या मुलखातला तो, त्याच्या लसणाची पीडा हिच्या उंबऱ्यावर. तिने ती माळ काढली, सोलली आणि बोंबलाच्या कालवणाला फोडणी दिली. निशा हसली. हौसा हसली नाही. घरात भांडी घासताना ती धवला पुटपुटायची आणि मृतांच्या नावांपाशी आली की गप्प व्हायची. आपण हाक मारली तर ती येतील कुठे, ही शंका तिच्याही मनात शिरली होती. खरा राग याचा होता. सुळे तिच्या गळ्यापर्यंत आले होते.

वैशाखात मालू नारळ घेऊन दारात आली. "हौसाबाय, माझ्या निकेशचा लगीन हाय. लोकं कायपन बोलू देत, मांडव तुझ्याबिगर जागा होनार नाय."

मालूने सिनेमा पाहिला नव्हता. नवरा गेल्यापासून ती भुताखेताचं काही बघत नसे. हौसाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि नारळ घेतला.

हळदीच्या दिवशी सकाळी उंबर आला. मांडव भरलेला होता. निकेश पाटावर बसला, मालू शेजारी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन. हौसाने धवला धरला आणि मागे कुठेतरी फिसकन हसू आलं. तिने आवाज चढवला. देव बोलावले. मग निकेशचा पणजा, पणजी, आजा, पाण्यात गेलेली आत्या. पुढचं नाव भगवानचं. तिथे ती थांबली.

सगळे वाट बघू लागले. मालूने मान वर केली. "बोल ना, बाय."

"हा तुझा बाप," हौसा निकेशला म्हणाली. "तू बोलव."

"मी? मला कुठं येतं मावशी..."

"मी मागं बोलावला तर तू त्याला खोक्यातून उठवलास. आता मी हाक मारली तर तो कुठं यील, मांडवान का तुझ्या खोक्यान, मना ठावं नाय."

"कसला खोका?" मालूने विचारलं.

निकेश आधी हसायला गेला. मग त्याला हळूहळू उमगत गेलं. दिपिकाचा मांडव, ती ऑडिओ फाईल, तो इको, ते उघडणारं झाकण. कितीदा ऐकलं होतं त्याने ते! एडिटिंग करताना पुन्हा पुन्हा, मान डोलावत.

"कसला खोका, निकेश?"

त्याने सांगितलं. सगळ्या मांडवादेखत, पाटावर बसून, खाली मान घालून. मालू सूप खाली ठेवून उठली आणि त्याच्या शेजारून सरकून हौसाच्या शेजारी जाऊन बसली.

"लोकं थांबलीत," हौसा म्हणाली. "हळद थांबलीय."

"बाबा," निकेश म्हणाला. ऐकूही गेलं नाही.

"नाव घे. पोटातून."

"भगवान..." त्याचा आवाज चिरकला. "या हो. या. लगीन हाय."

मागे कुणी हसलं नाही. निकेशने डोळे पुसत वर पाहिलं. आता ती पुढचं उचलेल, माफ करेल, असं त्याला वाटलं असावं. हौसाच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

"मोठ्यानं," ती म्हणाली. "शीडीत त्याचा नाव किती मोठ्यानं वाजत होता! परत घे."