सुई टोचल्यावर

शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या पायातलं गळू फोडायचं होतं. बधिर करायची सुई टोचली तशी ती किंचाळली. "आता दुखणार नाही हं, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मग माझी पाळी. माझं पायाचं काळं पडलेलं बोटच काढायचं होतं. नवरा असताना जोडवं काढत नाहीत, म्हणून बोट सुजलं तरी मी जोडवं तसंच ठेवलं. ते मांसात रुतलं. साखरेनं पाय आधीच बधिर होता, काही कळलं नाही.

डॉक्टरांनी सुई टोचली.

"दुखलं का, आजी?"

"तेव्हा दुखलं असतं तर इथे आले असते का?"

दुखू नये म्हणून माणसं नवस बोलतात. मला ते न मागता मिळालं होतं. शेजारची बाई अजून कण्हत होती. मला तिचा हेवा वाटला.