पापणीखालचा रंग

धुळाबापू गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्यांचं दिवसकार्य होऊन दोन-तीन आठवडे उलटले होते. मेंढरं कोकणातून वर आली, मढ, डिंगोरे मागं टाकत आमच्या राजुरीच्या शिवारात पोचली. मी दरवर्षीसारखा बांधावर उभा... पण पुढं बापू नव्हते. त्यांच्या बायकोनं, ठकूबाईंनी, लांबूनच हात हलवून "न्हाई" म्हणून सांगितलं.

आमच्या वडिलांच्या काळापासून बापूंचा वाडा आमच्या रानात बसायचा. वाडा म्हणजे चार-पाच धनगर घरांची एकत्र मेंढरं. आमच्या रानाला लेंडीखत मिळायचं, त्यांना चारा-पाणी आणि वर बाजरी. बापू त्या वाड्याचे कारभारी. कुठं बसायचं, काय चारायचं, हे तेच ठरवायचे. रोज सांजच्याला एकेक मेंढी धरून अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढायचे. आत लालभडक असेल तर सोडून द्यायचे, फिकट दिसली की बाजूला काढून तिची लेंडी बोटांनी मोडून बघायचे. "भाऊ, रगात पोटातल्या चाऱ्यावर व्हतं. चारा चुकला की डोळा पांढरा पडतो." हिरव्या घासात सोडायच्या आधी मेंढरांना कडबा खायला लावायचे. उपाशी पोटी ओलं खाल्लं की पोट फुगून मेंढरू आडवं होतं, म्हणून. मी कॉलेज शिकलेला शहाणा, हसायचो. एकदा त्यांनी माझीच पापणी ओढली आणि म्हणाले, "तुमाला बी आदी कडबाच चारावा लागंल, राव!"

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात बराखीत साठवलेला माझा कांदा सडायला लागला होता. नेमके तेव्हाच बापू आजारी भावाला बघायला गावी निघाले. जाताना मला आणि ठकूबाईंना दोघांनाही बजावलं, "कांदा मूठभर चालंल, त्यो बी कडब्यासंगं. ढीग टाकू नगा." दोन दिवसांनी मी ट्रॉली भरून वाड्यावर नेली. नासून जाण्यापेक्षा मुक्या जनावरांच्या मुखी लागलेला बरा, तेवढंच पुण्य... असं मनाला समजावलं. खरं सांगू? उकिरड्यापर्यंतचा हेलपाटा वाचवायचा होता. ठकूबाई आडव्या आल्या. मी म्हणालो, "अहो, त्यांच्या भावाच्या फोनवर बोललोय मी. बापू हो म्हणालेत."

धडधडीत खोटं. फोन केलाच नव्हता.

आठवडाभर रोज ट्रॉली रिकामी करत होतो. मेंढरं अधाशासारखी खात होती आणि मला वाटायचं, बघा, काय होतंय? बापू आले ते वासानंच थबकले. पहिली पापणी ओढली, दुसरी ओढली, तिसरी. सगळ्या पांढऱ्याफटक. मेंढरं काळ्या चहासारखं मुतत होती. "भाऊ, रगात मुतावाटं चाललंय," बापू एवढंच बोलले. डॉक्टर आले. कांद्यानं रक्तातल्या पेशी फुटल्यात म्हणाले, औषधं दिली. तरी गाभण मेंढ्या एकामागून एक गेल्या, आणि त्या काय एकट्या बापूंच्या नव्हत्या, सगळ्या वाड्याच्या होत्या.

वाडा जमला. ठकूबाई माझ्याकडं हात करून रडत म्हणाल्या, "भाऊंनी सांगितलं, ह्येच व्हय म्हनले." सगळ्यांनी बापूंकडं बघितलं. बापूंनी माझ्याकडं. मी मान खाली घातली. मग ते हळूच म्हणाले, "व्हय. मीच म्हनलो व्हतो."

त्याच दिवशी कारभार दुसऱ्याकडं गेला. कळपाच्या पुढं चालणारा माणूस मागं चालायला लागला. पापण्या ओढायचे, पण आता कुणी विचारत नव्हतं. एकदा धीर करून मी विषय काढला. बापू म्हणाले, "ज्याच्या रानात बसलो त्याला वाड्याम्होरं खोटं पाडू व्हय? सांगायचं आसंल तर तुमी सांगा." मी नाही सांगितलं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या खेपेला सांगू. धड माणूस म्हणायच्या लायकीचा नाही मी.

परवा बांधावर ठकूबाई शेजारी येऊन बसल्या. "लई जानता मानूस. येवढं कांद्याचंच चुकलं त्येंचं. त्यावरनं म्या शेवटपतोर टोचून बोलले बघा." तेव्हाही तोंड उघडलं नाही. पण रात्रभर डोळा लागेना.

सकाळी वाडा पुढं हलायच्या आत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. कांदा मी टाकला, बापू कधीच हो म्हणाले नव्हते. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ठकूबाई म्हणाल्या, "त्ये व्हते तवा का न्हाई सांगितलं, भाऊ? म्या त्येंना बोलायचं थांबले आस्ते."

त्या उठल्या, जवळची मेंढी धरली आणि बापूंसारखीच अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली. "लाल हाय," म्हणाल्या, माझ्याकडं न बघता, आणि दुसरी धरली.