उपासाला चालणारं फळ

बोईसरला भाड्याने खोली शोधायला गेलं की ऐंशीच्या दशकात दोन प्रश्न हमखास यायचे. कुठल्या कंपनीत आहात, आणि खाता का? दुसऱ्या प्रश्नात मासळी हा शब्द नसायचा, पण तो सगळ्यांना ऐकू यायचा. मी शिरगावची, समुद्रकाठची. खाते म्हणून सांगायला मला कधी लाज वाटली नाही, त्यामुळे आमच्या तीन-चार खोल्या हातच्या गेल्या. शेवटी मिळाली ती वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. खाली घरमालकीणबाई राहायच्या. त्या म्हणाल्या, "खात असाल तर खा. आपल्याला काय करायचंय? पण वास खाली आला नाही पाहिजे."

मी हो म्हटलं. माझी औषधांच्या कारखान्यातली नोकरी तिथून चालत जाण्यासारखी होती, मुलगी कोपऱ्यावरच्या बालवाडीत रमली होती, आणि नवऱ्याचा अणुवीज प्रकल्पातल्या क्वार्टरसाठी लागलेला नंबर काही हलत नव्हता. जागा टिकवणं गरजेचं होतं. मग मी वासाचा बंदोबस्त केला. मासळी गॅसवर चढली की शेजारच्या बर्नरवर लिंबाच्या साली उकळायच्या. खालच्या अंगणाकडची खिडकी बंद. काटे कागदात गुंडाळून कामावर जाताना बाहेर टाकायचे. भांडी लगेच बेसन लावून घासायची. यात माझी कधी चूक झाली नाही.

सुक्या मासळीपुढे मात्र हे सगळे उपाय फोल. एकदा नवरा तापातून उठला, तोंडाला चव नव्हती, म्हणून दोन बोंबील भाजले. बोंबील तव्यावरून उतरायच्या आत बाई जिना चढून दारात. "परत असं झालं तर खोली रिकामी करायची. मी एकदाच सांगत असते." त्यानंतर मी बोंबील फक्त माहेरी खाल्ले. आईने पिशवीत घालून दिले तर नको म्हणून परत दिले. पिशवी मागे घेताना आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

माझा मोठा भाऊ तेव्हा जहाजावर इंजिनखान्यात होता. वर्षातून एकदा सुटीवर यायचा. एका सकाळी तो पालघरहून एसटीने आमच्याकडे आला तो खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन, आणि चेहऱ्यावर शरमेचा मागमूस नाही.

"बाय, कंडक्टरने मला मागच्या शिटावर बसवला. लोक माझ्याकडं बघत व्हते."

"काय आणलंस?"

"आईनं घरात घेऊ दिला नाय. रातभर पडवीत टांगला व्हता. म्हटलं तुज्याकडं नेतो, तू शिकलेली हायस."

पिशवीतून त्याने काढलं ते मला फणसाचं पोर वाटलं. आकार नारळापेक्षा मोठा, रंग हिरवट पिवळा, पण काटे फणसासारखे बोथट नव्हते. हात लावला तर बोट दुखलं. दादा म्हणाला, याला दुरियान म्हणतात. सिंगापूरला रस्त्यावर ढीग लागतात, पण हॉटेलात आणि बसमध्ये न्यायला बंदी. जहाजावरच्या भंडाऱ्याशी, म्हणजे स्वयंपाक्याशी, दोस्ती करून त्याने हे थंड कपाटात ठेवून मुंबईपर्यंत आणलं होतं.

फणस कसा फोडतात ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, विळी काढली, पातं आणि दोन्ही हात खोबरेल तेलाने माखले. दादा भिंतीला टेकून हसत सुटला.

"तेल कशाला चोपडतेस? याला चीक नाय."

"फणसाला चीक नाही?"

"फणस नाय हा, बाय! किती वेळा सांगू? आता तो हातातनं निसटंल आणि तुज्या पायावर पडंल."

तसंच झालं. पायावर नाही पडलं, पण तेलकट हातातून सुटून पलंगाखाली गेलं. ते बाहेर काढून दादाने त्याच्या शिवणींवर कोयता टेकवला, आणि फळ पेटीसारखं उघडलं.

वास काय सांगू? तोवर तो फळाच्या आत होता, आता खोलीत आला. पिकलेला फणस, तळलेला कांदा, आणि मागून कुठून तरी गॅस सुटल्यासारखा. मुलगी नाक धरून पलंगावर चढली. मी सवयीने खिडकीकडे धावले, पण दादाने ती मगाशीच सताड उघडली होती.

त्या वर्षांत बोईसरमध्ये नवीन वास आला की माणसं आधी कारखान्यांकडे बघत. गॅस सुटला तर काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. फडकं ओलं करून नाकावर धरायचं, वारा कुठून येतो ते बघायचं आणि त्याला आडवं चालायचं. खाली अंगणामागच्या खोलीत रंगाच्या कारखान्यातला एक बिहारी कामगार राहायचा. रात्रपाळी करून झोपला होता. तो ओला टॉवेल तोंडाला बांधून अंगणात उभा राहिला, मूठभर माती उडवून वारा बघितला आणि ओरडला, "गॅस है! सब लोग बाहर निकलो!"

दादा खिडकीतून वाकून म्हणाला, "भैया, गॅस नहीं, फल है. ऊपर आओ, खाओ."

"फल?" टॉवेल नाकावरून खाली आला. "कहाँ से निकला ये फल?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बाई दारात आल्या. पदर नाकाला, दुसरा हात कमरेवर. त्यांनी पसरलेला कागद, विळी आणि माझे तेलकट हात एका नजरेत बघितले.

"सुकं आणलंत ना भावाकडून? आणि आज चतुर्थी! निदान दिवस तरी बघायचा."

मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. संकष्टी मीसुद्धा करत होते. सकाळपासून पोटात फक्त चहा होता. दोन वर्षं मी या बाईंच्या घरात राहत होते, दर संकष्टीला आम्ही दोघी एकाच गच्चीवरून चंद्र बघून उपास सोडत होतो, आणि तरी यांच्या मनात पहिलं आलं ते हे. चतुर्थीला मी सुकं भाजीन.

मग इतके दिवस मी लिंबाच्या साली उकळत होते ते कोणासाठी, असं मला तेव्हा झालं.

"काकू, मासळी नाही. फळ आहे."

"फळाला असा वास येतो?"

"याला येतो."

"कांद्याचा येतोय. चतुर्थीला कांदा!"

"कांदा चालत नाही. कांद्यासारखा वास चालत नाही असं कुठे सांगितलंय? साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, रताळं चालतं, मग फळ का चालणार नाही? माझा उपास आहे आणि मी हे खाणार आहे. तुमचाही आहे. बसा, देते."

दादा मागून पुटपुटला, "आता मेलो."

"माझ्या अटीचं काय?" बाई म्हणाल्या. "वास खाली आला नाही पाहिजे म्हटलं होतं. मासळीचा असं म्हटलं नव्हतं."

हे मात्र खरं होतं. अट वासाचीच होती. मी तशीच त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, एक गरा उचलला आणि तोंडात घातला.

पहिला घास मी रागाने खाल्ला, चव लागलीच नाही. दुसरा खाताना कळलं की हे फणसासारखं चघळायचं नसतं, जिभेवर नुसतं ठेवायचं असतं. घोटलेल्या सायीसारखा गर, गोड, आणि गिळताना एक कडसर झाक. वास आता जाणवेनासा झाला होता. तिसरा मला हवा म्हणून घेतला. आठळी बाजूला ठेवली आणि बोटं चाटली. बाई हे सगळं उभ्याने बघत होत्या.

"देवाला दाखवता येणार नाही असलं काही," त्या म्हणाल्या.

"देवाला नका दाखवू. मला चालतं."

"महिनाअखेरीस खोली रिकामी करा," असं म्हणून त्या खाली गेल्या.

दादाचा चेहरा उतरला. "माज्यामुळं झाला. मी जाऊन पाया पडू का त्यांच्या?"

"तू खा," मी म्हटलं.

खालचा कामगार वर आला, दोन गरे खाल्ले आणि आठळ्या लावायला म्हणून घेऊन गेला. दुपारी नवरा पाळीवरून आला. तो घाटावरचा, भांडण टाळणारा माणूस. जेवायला बसायच्या आधीच म्हणाला, "माफी मागून मोकळी हो. ही जागा मिळायला किती त्रास झाला होता आठवतं ना?"

"आठवतं. माफी कसली मागू? फळ खाल्ल्याची?"

"मग काय करणार?"

"बोलणार."

मी हात-तोंड धुतलं, साडी बदलली आणि खाली गेले. बाई देवघरासमोर दूर्वा निवडत होत्या. मी उंबऱ्यातच उभी राहिले. जे ठरवून गेले होते ते क्रमाने बोलले. आमच्याकडून दोन वर्षांत दुसरा कसलाही त्रास झालेला नाही. मासळी आम्ही खातो हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. इथून पुढे मी खिडकी बंद करून स्वयंपाक करणार नाही, ताजी शिजवीन, सुकी भाजीन, घर आमचं आहे तोवर त्याला घराचाच वास येणार. हे चालणार असेल तर राहतो. नसेल तर महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही, जागा मिळाली की त्याच दिवशी निघतो.

बाईंनी दूर्वांची जुडी बांधली, सोडली, परत बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निदान चतुर्थीला तरी नको."

"चतुर्थीला मी करतच नाही, काकू. पण ते तुम्ही सांगता म्हणून नाही."

त्या रात्री चंद्र बघायला आम्ही दोघी गच्चीवर गेलो, नेहमीसारख्या. महिनाअखेर आली आणि गेली, खोली रिकामी करायचं कोणी म्हटलं नाही. त्यानंतर आईने दिलेली पिशवी मी परत केली नाही. कधी कधी बोंबील भाजताना खाली बाईंची खिडकी धाडकन लागायची. मी लागू दे म्हणायची आणि पोळपाट काढायची.