सरासरीचा अध्याय

विजेच्या मीटरचे आकडे टिपत घरोघर फिरणाऱ्या त्या माणसाला परक्या घरात कुठे टेकावं आणि कुठे टेकू नये, हे वीस वर्षांत पक्कं कळलं होतं. स्वतःच्या घरात मात्र तो थेट सासूबाईंच्या चष्म्यावर बसला.

"बसलात?" सासूबाईंनी विचारलं.

"बसलो."

"मग आता उठा तरी."

उठून काही उपयोग नव्हता. काचांचा चुरा झाला होता, दांडी खुर्चीच्या फटीत गेली होती. चष्मेवाल्याने डोळे तपासून सांगितलं, "नवा करून पैसे घालवू नका. नजरच गेलीय. जुना असता तरी फार तर महिनाभर चालला असता." म्हणजे दोष निम्माच जावयाचा. पण खापर फोडायला निम्मं डोकं चालत नाही, अख्खं लागतं.

अडचण अशी की सासूबाई एक्केचाळीस वर्षं रोज संध्याकाळी चहा झाला की पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचत आल्या होत्या. शेवटचं पान आलं की पुन्हा पहिलं. बाळंतपणं झाली, नवरा गेला, घर बदललं; खंड नाही. चष्म्याची बातमी कळताच थोरला जावई, म्हणजे मीटरवाल्याचा साडू, धावत आला. तो चर्चच्या गायनमंडळाचा प्रमुख. नुसतं "पाणी द्या" म्हणाला तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाई.

"आई, आमच्याकडे चला! मी रोज दोन-दोन अध्याय वाचीन!"

"मला दोन नकोत, आणि ऐकू मला येतं," सासूबाई म्हणाल्या. "धाकट्यांनी मोडलंय, धाकटेच भरतील. पण ज्या दिवशी खंड पडेल, त्या दिवशी मी तुमच्याकडे येते. शब्द दिला."

मीटरवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती धुतलेल्या चादरीची घडी घालत होती, आणि एकच घडी तिसऱ्यांदा घालत होती. लहानपणी ती मावशीकडे वाढली. आई अशी तिच्या वाट्याला आत्ता कुठे, तीन महिन्यांपूर्वी इथे राहायला आल्यावर आली होती. आणि शास्त्राशी मीटरवाल्याचा संबंध लग्न आणि अंत्यविधी एवढ्यापुरता, आणि दोन्हीकडे तो दाराजवळ उभा.

"वाचतो की," तो म्हणाला. म्हणून बसला.

पहिल्याच दिवशी वाट्याला काय यावं, तर जनगणना. अमक्या वंशाचे इतके, तमक्या वंशाचे तितके. भले भले भाविक इथे डुलक्या घेतात. मीटरवाल्याची मात्र कळी खुलली. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि जुन्या बिलाच्या पाठीवर बेरीज मांडली.

"आई, जुळली!"

"काय जुळली?"

"बेरीज! रणरणत्या वाळवंटात लाखो माणसं मोजली आणि एकाचाही घोळ नाही. आमच्या ऑफिसात असा एक माणूस आणून दाखवा."

एक्केचाळीस वर्षांत ती बेरीज तपासावी असं सासूबाईंना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण ऐटीत हलवली.

बाविसाव्या दिवशी गाढव बोललं. मीटरवाला थांबला.

"हे खरंच बोललं?"

"बोललं."

"आणि मालक त्याच्याशी सरळ वाद घालत बसला? नवल नाही वाटलं त्याला?"

"तुम्ही बोलता तेव्हा मला वाटतं का?" सासूबाई म्हणाल्या. "पुढे वाचा."

आतल्या खोलीतून बायकोचं हसू ऐकू आलं. ती अशी आवाज करून हसते, हे मीटरवाल्याला लग्नाच्या अकराव्या वर्षी समजलं.

हळूहळू त्याला चटक लागली. भक्ती म्हणावी तर तसंही नाही. भांडणं, लबाड्या, लढाया, भावांचे हेवेदावे, आणि मधूनच कोणीतरी देवालाच खडसावून विचारतंय! संध्याकाळपर्यंत धीर निघेना, म्हणून तो पुस्तक पिशवीत घालून कामावर नेऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत कुठल्या तरी जिन्यात बसून आजचा अध्याय आधीच उरकायचा आणि संध्याकाळी, जणू पहिल्यांदाच कळतंय असं, "अरेरे!" म्हणायचं.

सातव्या महिन्यात राजांचे अध्याय लागले, आणि घात झाला. एका सकाळी व्हरांड्यातल्या मीटरचा आकडा टिपताना त्याने पुस्तक मीटरच्या पेटीवर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. दुपारी पिशवी उघडली तेव्हा लक्षात आलं. धावत परत गेला, तर व्हरांड्याच्या जाळीला कुलूप, घरचे बाहेरगावी. जाळीतून पुस्तक स्वच्छ दिसत होतं. हात मात्र कोपरापर्यंतच जात होता. मोबाइलवरही अख्खं शास्त्र मिळतं हे त्याला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी. वेळेवर सुचणारा माणूस मीटर खात्यात टिकतो कुठे?

आता, घराला कुलूप असलं की मीटरवाले काय करतात हे जगजाहीर आहे. गेल्या तीन महिन्यांची सरासरी काढतात आणि ठोकून देतात.

संध्याकाळी चहा झाला. त्याने ऑफिसची जाडजूड डायरी मांडीवर उघडली. बायकोने डायरी पाहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि हातातला कप तसाच धरून उभी राहिली.

"मग नवा राजा गादीवर आला," मीटरवाल्याने सुरुवात केली. "आणि त्याने परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केलं. मग एक संदेष्टा आला, ओरडला. कोणी ऐकलं नाही. मग शत्रू आला. मग लोक रडले. मग देवाला दया आली."

खोटं त्यात फारसं नव्हतं. गेले कित्येक दिवस असंच चाललं होतं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "राजाचं नाव?"

"ते… पुसट छापलंय."

"किती वर्षं राज्य केलं?"

"सरासरी बारा," मीटरवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

बायकोने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

"पुस्तक कुठंय?" सासूबाईंनी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. पेटी, कुलूप, जाळी.

"पण ते पेटीवर गेलं कसं?"

"रोज नेतो. दुपारी वाचायला."

"दुपारी? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय डबा गोड लागत नाही."

सासूबाईंनी मांडीवरच्या पदराला चुण्या घातल्या. एक्केचाळीस वर्षं! मग म्हणाल्या, "खंड पडला. शब्द तो शब्द, मी थोरल्यांकडे जाईन. पण माझं येणं वसूल केल्याशिवाय नाही. आजचा अध्याय तुमच्याकडे बाकी. तो वाचून दाखवा, मग निघते."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो त्या व्हरांड्यासमोर बसून राहिला. घरचे दुपारी परतले आणि पुस्तक हाती आलं. संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने खाली मान घालून बाकी राहिलेलं पान काढलं. घसा खाकरला. तेवढ्यात बायको शेजारी येऊन बसली, ओल्या बोटाने पान उलटलं आणि म्हणाली, "पुढचा वाचा."

त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पान उलटल्याचा आवाज ऐकला नसेल असं नाही. त्यांचे कान शाबूत होते.

"वाचा ना," त्या म्हणाल्या. "दिवा जळतोय फुकट."

त्याने पुढचा वाचला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा.

साडू अधूनमधून फोन करतो, आणि फोन कानापासून हातभर लांब धरूनही सगळ्यांना ऐकू येतं. "आई, कधी येताय?"

"यायचंय हो," सासूबाई म्हणतात. "धाकट्यांकडे एक अध्याय अडकलाय."

मीटरवाला जेवणाच्या सुट्टीतसुद्धा ते पान उघडत नाही. त्या राजाने किती वर्षं राज्य केलं, त्याला अजून माहीत नाही.