वहिनीच्या वजनाइतका गूळ

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या आंजी गावचे नाही— आणि तुमची माझ्या वहिनीशी गाठ पडायची नाही.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हाच अंगानं जरा... बघा, आलंच. इतकी वर्षं झाली, तरी जीभ अजून बरा शब्द शोधायला निघते. दादानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, माझ्या बायकोला घरात कोणी जाडी म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? आई म्हणायची, तब्येतीनं बरी. काका म्हणायचे, खात्यापित्या घरची— तिच्या माहेरची ओढाताण साऱ्या गावाला ठाऊक असताना. मी तेव्हा एसटीनं वर्ध्याला कॉलेजात जायची, त्यात मराठी घेतलेलं; माझी तर चंगळच. भरल्या अंगाची, हाडापेरानं थोर, बाळसेदार, ऐसपैस. वहिनी हसायची. म्हणायची, "बाई, तुमच्या तोंडून आयकलं का मले माहं अंगच गोड लागते." नणंद असावी तर अशी, असं चारचौघींत माझं कौतुक व्हायचं. मला ते आवडायचं— फार आवडायचं.

तिला मूल होईना. आई मला घेऊन केळझरला गेली आणि गणपतीपुढं रडत रडत नवस बोलली. ऐकायला मी एकटी. पुढं मुलगा झाला, आणि नवस फेडायच्या वेळी आईचा गोंधळ उडाला. गूळ वाटायचा हे पक्कं, पण कोणाच्या वजनाइतका? नवस बोलला तसाच फेडावा लागतो, देवापुढं फिरवाफिरवी चालत नाही, असं तिचं ठाम मत. तिनं मला विचारलं, "लेकराले जोखीन म्हणलं होतं मी, का सुनेले व?"

लेकराला. स्वच्छ आठवत होतं मला.

"सुनेले," मी म्हणाले.

का? गुळासाठी, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते एवढंसं पोर गुळाच्या दोन भेल्यांत आटपलं असतं, गल्लीलाही गूळ पुरला नसता. पण आता खोटं कशाला बोलू? मला गंमत पाहायची होती. इतके गोड शब्द जुळवले होते ना मी— एकदा कोणीतरी खरं बोलावं, आणि ते मी बोललेलं नसावं, असं वाटलं. काटा बोलला तर माझ्यावर काय येणार होतं?

वहिनीला कळलं तसा तिचा चेहराच उतरला. मी तांदूळ निवडत होते, तिथं पोराला घेऊन येऊन बसली. "बाई, तुम्ही होत्या न तिथं. जरा आठवून पाहा. लेकराले म्हणलं असन. साऱ्या गावासमोर मले नोका बसवू त्या काट्यावर."

एक शब्द पुरला असता. पण मग आधी खोटं बोलले, तेही देवाच्या नवसात, हे आईला सांगावं लागलं असतं. एवढी हिंमत कुठली? "नाई वहिनी, सुनेलेच म्हणलं," मी म्हणाले. "अन् बाळंतपणाचं अंग आहे तुमचं, लोकं समजतात."

अंगणात कापूस जोखायचा मोठा काटा टांगला. वहिनी हिरवं लुगडं नेसून एका पारड्यात बसली, मान खाली. दुसऱ्यात दादा भेल्या ठेवत गेला. ठेवतच गेला. पारडं हलेना. आणलेला गूळ संपला, एकजण दुकानाकडं पळाला, आणि वहिनी तशीच लोंबकळत बसून— मधेच उतरलं तर नवस मोडतो, असं आईचं म्हणणं. पोरं फिदीफिदी करायला लागली. मला ते बघवेना, खरंच बघवेना, आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी मोठ्यानं म्हणाले, "आमच्या वहिनीचं पुण्यच भारी आहे."

सारं अंगण हसलं. काका हसले, दादाही हसला. वहिनीही हसली, पदर तोंडाला लावून. पदर ओला झाला तो हसून हसून, असं मी धरून चालले.

त्यानंतर कापसाच्या दिवसांत ती पुढच्या अंगणात यायची नाही. काटा टांगलेला असला की मागच्या दारानं ये-जा. काऊन, असं विचारलं तर म्हणायची, जवळ पडते. मागचं दार लांब पडायचं.

पुढं माझं लग्न झालं. निघताना वहिनीनं माझ्या सासूचा हात धरला आणि म्हणाली, "लय गोड तोंडाची आहे आमची बाई. इतकी वर्षं एका घरात राह्यलो, पण मले एकदाही जाडी म्हणली नाई." आणि माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

तोंड भरलं होतं म्हणून बोलले नाही, असं मला म्हणता यायचं नाही. खडा लहान होता.