नवरीच्या मागे उभा राहिलेला एल्फ

बहिणीची मुलगी लातूरला माझ्याकडे राहायची, डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. एकदा मार्क कमी पडले, दुसऱ्यांदाही पडले. आता तिसऱ्या वर्षाचा क्लास लावायचा, असं तिची आई उमरीहून रोज फोनवर ठरवत होती. मी रेणापूरकडच्या एका शाळेत मास्तर. दिवसभर पोरं, मग ऑनलाइन माहिती भरणं, मग परतीची एसटी. घरी आलो की कुणी काही विचारू नये, एवढीच इच्छा उरायची.

भाची विचारायचीच. तिला एका जाडजूड, जुन्या इंग्रजी कादंबरीचं वेड होतं. त्यात एल्फ होते, टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे, देखणे आणि कायम उदास. शेकडो वर्षं जगायचं म्हणजे नोकरी किती वर्षं करायची, या विचारानंच मला दमायला व्हायचं. जगभरचे वाचक इंटरनेटवर या एल्फांबद्दल तर्क लढवायचे, त्यांत हीही होती. सगळ्यात मोठा वाद एका म्हाताऱ्या एल्फवरून. तीनशे वर्षं जंगलाबाहेर न पडलेला हा गडी माणसांच्या एका पोरीच्या लग्नाला येतो, नवरीच्या मागे उभा राहतो आणि अक्षर न बोलता निघून जातो. लेखकानं कारण दिलेलंच नाही. कुणी म्हणे तो तिचा खरा बाप, कुणी म्हणे जुना प्रियकर, कुणी म्हणे हेर.

मी बूट काढत म्हणालो, "अगं, मामा हाय तो. नवरीच्या मागं दुसरं कोण उभं राहतंय?"

ती हसली नाही. तिनं पुस्तक पुन्हा चाळलं. नवरीच्या आईचं माहेर कुठलं, हे त्यात कुठंच नव्हतं. "मामा, जमायलंय की हे!" म्हणत तिनं ते इंग्रजीत लिहून टाकलं. परदेशातल्या लोकांना आधी मामा समजावून सांगावा लागला, मग अंतरपाट. दोन दिवस भांडण चाललं. मला उगाच बरं वाटलं. शाळेत माझं बोलणं इतकं कुणी मनावर घेत नाही.

मग एकानं विचारलं, मामा आहे तर तो बोलत का नाही? भाचीनं तोच प्रश्न मला केला.

"मामाचं काम उभं राहायचं," मी म्हणालो. "बोलायला बाकीचे असतातच."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पण तुम्ही बोला. मला डॉक्टर व्हायचं न्हाई. नांदेडला बीए करते, इंग्रजी घेऊन. आई तुमचंच ऐकती."

मी "बघू" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही बघू, पुढच्या आठवड्यातही बघू. प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा तिनं अर्जच समोर धरला आणि पालकाच्या जागी मी सही केली. सहीला तोंड उघडावं लागत नाही.

रविवारी आम्ही उमरीला गेलो. बहिणीनं धपाटे केले होते. पोरगी सारखी माझ्याकडं बघत होती आणि मी दही वाढून घेत होतो. शेवटी तीच बोलली, सगळं एका दमात. अर्ज भरल्याचंही सांगून टाकलं.

बहीण माझ्याकडं वळली. "दादा, तुला म्हाईत होतं का हे?"

दोन वर्षं तिनं माझ्या भरवशावर पोरगी ठेवली होती. तिचा चेहरा मला बघवेना.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग अर्जावर पालकाची सही कुणी केली?"

भाचीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. तिला धक्का बसला असेल असं मला वाटलं होतं, पण तिला माझी कीव आली होती. ती तिनं लपवलीही नाही.

"मी," ती आईला म्हणाली. "मामाची खोटी सही मीच मारली."

बहिणीनं तिच्या थोबाडीत मारली. मी ताटातला धपाटा मोडत राहिलो.